बाळाला भेटायला नागपूरला येताय? आधी मावशींना भेटा

"ताई, किती दिवसांची रजा काढू?" इथलं बाळ दत्तक घेऊ पाहणाऱ्या, परदेशात राहणाऱ्या मराठी आईबाबांचा पहिला फोन आला की हा प्रश्न हमखास येतो. नागपुरातल्या एका शिशुगृहात समाजसेविका म्हणून माझी उमेदीची सगळी वर्षं गेली. आता निवृत्त आहे, पण फोन अजून येतात. मी आधी उलट विचारते, कोणत्या भेटीसाठी येताय? होकार देण्यापूर्वी बाळाला एकदा बघायचंय, की कागद पुरे होऊन बाळाला घरी न्यायचंय? या दोन वेगळ्या फेऱ्या आहेत. त्यांची तयारी वेगळी, लागणारे दिवसही वेगळे.

त्याआधी एक गोष्ट स्पष्ट सांगते. तुमच्या नावावर बाळाचं रेफरल, म्हणजे हे बाळ तुमच्यासाठी सुचवल्याचा अधिकृत निरोप, येईपर्यंत कुठल्याही शिशुगृहात बाळ बघायला जाता येत नाही. "मामेभाऊ नागपूरलाच असतो, तो जाऊन एखादं बाळ बघून ठेवेल," असं म्हणणारे अजूनही भेटतात. आंतरदेशीय दत्तकाचा १९९३ चा हेग करार भारतानं २००३ मध्ये स्वीकारला. त्याच्या २९ व्या कलमात हेच लिहिलंय की आवश्यक बाबी पूर्ण होईपर्यंत होणाऱ्या पालकांनी बाळाच्या आईवडिलांशी किंवा सांभाळणाऱ्यांशी संपर्क साधायचा नाही. बाळ निवडून, पैसे मोजून नेण्याचे प्रकार थांबावेत म्हणून हे कलम आहे आणि ते योग्यच आहे. तुमची नोंदणी तुम्ही राहता त्या देशातल्या मान्यताप्राप्त संस्थेमार्फत किंवा तिथल्या सरकारी यंत्रणेमार्फत होते. जिथे यातलं काहीच नाही तिथे भारतीय दूतावासाकडे जायचं. तिथून गृहभेटीचा अहवाल दिल्लीला 'कारा'कडे, म्हणजे दत्तकाचं काम बघणाऱ्या केंद्र सरकारच्या यंत्रणेकडे येतो. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी जोडप्यांना इथल्या जोडप्यांसारखाच क्रम मिळतो, त्यामुळे मागच्या दारानं जायची गरजही नाही. कुणी "काम लवकर करून देतो" म्हणत पैसे मागितले तर फोन ठेवून द्या. ठरलेल्या शुल्काबाहेर एक रुपया द्यायचा नाही आणि जो द्याल त्याची पावती घ्यायची.

आता पहिली फेरी. रेफरल आलं की बाळाचा फोटो, सामाजिक अहवाल आणि वैद्यकीय अहवाल हातात येतो. वैद्यकीय अहवालावर सही करण्यापूर्वी बाळाला प्रत्यक्ष बघायची विनंती करता येते, अहवाल आपल्या विश्वासातल्या डॉक्टरांना दाखवता येतो. होकाराला मुदत असते, म्हणून विनंती त्याच दिवशी कळवा. ही फेरी लहान असली तरी चालते.

डॉक्टरांना अहवाल दाखवताना विदर्भातली एक गोष्ट मुद्दाम सांगा, ती म्हणजे सिकलसेल, हा रक्ताचा आनुवंशिक आजार. आपल्याकडे गडचिरोलीपासून नागपूरपर्यंत हा आजार घराघरात ठाऊक आहे, पण परदेशातल्या एखाद्या डॉक्टरांनी आयुष्यात रुग्ण पाहिलेला नसतो. अहवालात 'एएस' असेल तर बाळ वाहक आहे, त्याला आजार नाही. ते इतर मुलांसारखंच वाढतं. 'एसएस' असेल तर आजार आहे आणि नियमित उपचार लागतात. ही दोन अक्षरं नीट न वाचता घाबरून नकार कळवलेली जोडपी मी पाहिली आहेत. दुसरं, तपासणी बाळ किती महिन्यांचं असताना झाली ते बघा. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाची साधी सोल्युबिलिटी चाचणी भरवशाची नसते, कारण रक्तात जन्माच्या वेळचं हिमोग्लोबिन भरपूर असतं. एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस या जास्त नेमक्या रक्तचाचणीचा अहवाल मागा. वजन कमी दिसलं तरी लगेच धसका घेऊ नका. जन्मापासूनचे वजनाचे सगळे आकडे मागा आणि रेघ वर चाललीये का ते डॉक्टरांना विचारा.

दुसरी फेरी खरी मोठी. काराची ना हरकत, म्हणजे एनओसी, आली की दत्तक आदेश व्हायच्या आतही हमीपत्र देऊन बाळाला भारतातल्या भारतात आपल्याजवळ ठेवता येतं. याला दत्तकपूर्व संगोपन म्हणतात. जमत असेल त्यांनी ही सोय घ्यावीच. दत्तक आदेशाचा अधिकार २०२१ च्या दुरुस्तीनं न्यायालयाकडून जिल्हाधिकाऱ्यांकडे गेला, आणि त्या बदलावर मुंबई उच्च न्यायालयात वादही झाला. म्हणून आपली फाईल नेमकी कुणाच्या टेबलावर आहे हे संस्थेला विचारून मगच तिकीट काढा. कायद्यानं अर्ज दोन महिन्यांत निकाली काढायचा असतो. परतीची तारीख बदलता येईल असंच तिकीट घ्या. दोघांनाही इतकी रजा मिळत नसेल तर एकानं आधी येऊन राहावं, दुसऱ्यानं मागून यावं. पण आठवडाभरात सगळं उरकू असं ठरवून कुणी येऊ नये.

हॉटेल नको. बजाजनगर, धरमपेठ, जिथे संस्था जवळ पडेल तिथे स्वयंपाकघर असलेल्या दोन खोल्या भाड्यानं घ्या. बाळाला खिचडी लागते, रात्री दोनला दूध कोमट करावं लागतं. मे महिना टाळता आला तर टाळा. पारा पंचेचाळीसच्या घरात जातो आणि थंड देशातून आलेली आईच आजारी पडते. यावंच लागलं तर कूलरची खोली बघा. संस्थेत बाळ कूलरच्या आवाजात झोपलेलं असतं, एसीची बंद, शांत खोली त्याला परकी वाटते.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही बाळाला भेटायला येता तेव्हा त्याला आधीच एक आई असते. ती म्हणजे त्याला न्हाऊमाखू घालणारी मावशी. ताप आला की रात्रभर मांडीवर घेऊन बसलेली तीच असते. बाळ रडलं की तिच्याकडे बघतं. पहिल्या भेटीत तिच्या हातातून बाळ ओढून घेऊ नका. तिच्याशेजारी सतरंजीवर बसा. तिच्याशी बोला, हसा. आपली मावशी या बाईशी हसून बोलतेय हे बाळ बघत असतं आणि त्यावरूनच तुम्हाला जोखत असतं.

एक जोडपं जर्मनीहून आलं होतं. बाळ दीड वर्षाचं. बाबांना दाढी आणि चष्मा. त्यांना दारात बघूनच बाळानं आकांत मांडला. संस्थेत सगळ्या बायकाच, पुरुष म्हणजे कधीतरी येणारे डॉक्टर आणि त्यांची सुई, मग बाळ घाबरणारच. मी बाबांना म्हटलं, तुम्ही त्याच्याकडे बघूच नका. वाळलेल्या दुपट्यांचा आणि लंगोटांचा ढीग पडला होता. ते मावशींशेजारी बसून घड्या घालायला लागले. मावशी म्हणाल्या, "असं नाही भाऊ, असं. कोपरा आत घ्या." बाळ मावशींच्या पदराआडून पाहत होतं. बराच वेळ गेला. मग ते रांगत पुढे आलं, घडी घातलेलं एक दुपटं ओढलं आणि मागे पळालं. बाबांनी शांतपणे दुसरं घेतलं. तेही ओढलं. जेवणाच्या वेळेपर्यंत घातलेल्या सगळ्या घड्या मोडून झाल्या होत्या आणि बाळ बाबांच्या गुडघ्याला टेकून उभं होतं. दुसऱ्या दिवशी दाढीला हात लावून झाला. मी येणाऱ्या प्रत्येक बाबांना हेच सांगते, हाताला काम ठेवा आणि बाळाला स्वतःहून येऊ द्या.

भेटीची वेळ संस्थेला विचारून घ्या. आंघोळ आणि सकाळचं खाणं झालं की बाळं खुशीत असतात. झोपेच्या वेळी गेलात तर रडणंच बघायला मिळेल. अत्तर, सेंट लावून येऊ नका. सुती, धुवट कपडे घाला, आणि रोज शक्यतो तसेच, म्हणजे तुमचा वास त्याच्या ओळखीचा होतो. यायच्या आधी महिनाभर एक लहानसा अल्बम पाठवा. चार-सहा पानांचा, लॅमिनेट केलेला, कारण बाळं तो चावतात. त्यात आईचा मोठा चेहरा, बाबांचा मोठा चेहरा, आजी-आजोबा, घराचं दार आणि बाळाचं अंथरूण असू द्या. बर्फातले, गॉगल घातलेले फोटो नकोत. जमलं तर आपल्या आवाजात एखादं गाणं किंवा रामरक्षा रेकॉर्ड करून पाठवा. मावशी झोपवताना लावतात.

मावशींजवळ एक वही घेऊन बसा. बाळ पायांवर घेऊन हलवल्यावर झोपतं की पाठीवर थोपटल्यावर? दूध किती गरम? खिचडीत तूप आवडतं का? पाण्याला काय म्हणतं? आमच्याकडची बाळं मावशींचंच बोलतात, "मले दे," "काऊन?" असं. ते सुधारायच्या भानगडीत पडू नका, तुम्हीच ते चार शब्द शिकून घ्या. नावही लगेच बदलू नका. बदलायचंच असेल तर जुनं नाव पुढे लावून हाक मारत राहा. संस्थेची परवानगी घेऊन मावशींचा आवाज फोनवर घ्या. आणि बाळाची रोजची गोधडी मागून घ्या. धुवू मात्र नका, निदान घरी पोचून महिना होईपर्यंत.

मावशींना पाकीट देऊ नका. द्यायचंच असेल तर अधीक्षिकांना विचारून, सगळ्या मावशींना सारखं. खेळणी, खाऊ आणाल तेही सगळ्या मुलांना पुरेल असं. एकाच बाळाच्या हातात मोठी बाहुली आणि बाकी वीस जण बघताहेत, हे फार वाईट दिसतं आणि तुम्ही गेल्यावर त्याचा त्रास त्याच बाळाला होतो.

नागपूरकरांचा एक वेगळाच प्रश्न असतो, नातेवाईक. आजी, आत्या, मोठे बाबा, मोठी आई, सगळ्यांना पहिल्याच दिवशी औक्षणाचं ताट घेऊन यायचं असतं. त्यांचं प्रेम मला कळतं. पण पहिले दिवस फक्त आईबाबांचे. बाळ तुमच्या खोलीवर आलं तरी आठवडाभर दार लोटलेलंच ठेवा. मग एकेकानं यावं, थोडा वेळ बसावं, आणि भरवणं, न्हाऊ घालणं, झोपवणं आईबाबांनीच करावं. बाळाला कळलं पाहिजे की आता हाक मारली की हीच दोन माणसं येणार. महाराजबाग, सेमिनरी हिल्सचं बालोद्यान हे नंतर. संस्थेतलं बाळ मोटारीत फारसं बसलेलं नसतं, उलटी होते. आधी घराभोवती कडेवर फिरवा. शॉवर नको, बादलीतलं पाणी आणि तांब्या. वेगळ्या खोलीत झोपवणं तर अजिबात नको. ते रांगेत दहा बाळांबरोबर झोपलेलं असतं.

मूल सहा-सात वर्षांचं असेल तर तयारी आणखी हळू. त्याची इच्छा विचारात घेणं कायद्यानंच बंधनकारक आहे, पण ते "हो" म्हणालं म्हणजे त्याला सगळं उमगलं असं नाही. ते विचारेल, "तिथे वरण-भात मिळते का?" "मी परत येऊ शकतो का?" खरं उत्तर द्या. "तिथे तुला खूप चॉकलेट मिळेल" असली आमिषं दाखवू नका. कुणी धाकटं भावंडासारखं मागे राहत असेल तर त्याचा निरोप नीट घेऊ द्या, रडू द्या.

भेटीत फोटो काढायचा मोह होतोच. आदेश होईपर्यंत तो फेसबुकवर, नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. बाल न्याय कायद्याच्या ७४ व्या कलमानुसार अशा मुलांची ओळख उघड करायला बंदी आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

आदेशाचा मसुदा झाला की बाळाच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग, तुमची नावं, आडनाव, सगळं तुमच्या पासपोर्टशी अक्षर न अक्षर ताडून बघा. त्याच आदेशावरून जन्मदाखला निघतो, दाखल्यावरून नागपूरच्या पासपोर्ट कार्यालयात पासपोर्ट. एका अक्षरासाठी तिन्ही कागद पुन्हा करावे लागतात. हेग करारातल्या देशात जाणार असाल तर काराचं २३ व्या कलमाखालचं प्रमाणपत्र घ्या. तुमच्या देशाच्या व्हिसासाठी दिल्ली किंवा मुंबईची फेरी लागते का ते आधीच विचारून तेवढे दिवस धरा. मूळ आदेश, जन्मदाखला, प्रमाणपत्र आणि लसीकरणाचं कार्ड हातातल्या बॅगेत ठेवा, सामानात टाकू नका. विमान खाली उतरताना बाळाला दुधाची बाटली द्या, कान दुखत नाहीत.

तिकडे पोचल्यावर दोन वर्षं अहवाल द्यायचे असतात, पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी सहा महिन्यांनी. पहिली तारीख विमानात बसण्याआधीच फोनमध्ये टाकून ठेवा. बाळ जेवत नाही, रात्री ओरडून उठतं, असं काही असेल तर ते अहवालात लिहा, लपवू नका. त्यावर काय करायचं ते बरेचदा मावशींनाच ठाऊक असतं, आणि संस्थेतून विचारून कळवता येतं.