गावाची टक्केवारी सोडा, वाडीनिहाय मोजा

कोकणात गावाच्या सरासरीवर आरोग्याचं नियोजन करू नये. इथलं गाव खाडीपासून सड्यापर्यंत, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारापर्यंत, वाड्या-वाड्यांत विखुरलेलं असतं. समजा, गावात एक ते दोन वर्षांची ६० मुलं आहेत आणि ५४ जणांच्या लसी पूर्ण झाल्यात. म्हणजे ९० टक्के, ग्रामसभा खूश. पण उरलेली सहाही मुलं आठच मुलं असलेल्या एका कातकरवाडीतली (कातकरी आदिवासींच्या वस्तीतली) असतील, तर तिथे लसीकरण फक्त २५ टक्के आहे.

सुरुवातीला एकच गोष्ट मोजायला घ्या. लसीकरण सोपं पडतं. उपकेंद्रातल्या सिस्टरकडून नावं न घेता फक्त वाडीनिहाय आकडे मागा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण (२०१९-२१) जिल्ह्याच्या खाली उतरत नाही, त्यामुळे वाडीसाठी त्याचा उपयोग नाही.

आता खरी मेख: छेद, म्हणजे टक्केवारी काढताना ज्यानं भागायचं तो एकूण मुलांचा आकडा. लस किती मुलांना मिळाली हे रजिस्टर सांगतं, मुलं एकूण किती हे कोण सांगणार? ग्रामपंचायतीची जन्मनोंद घेऊ नका, कुणी कितीही सांगितलं तरी. १९६९ च्या कायद्यानुसार जन्म जिथे होतो तिथेच नोंदला जातो. बाळंतपण चिपळूणला, सावंतवाडीला किंवा माहेरी मुंबईला झालं, तर ते मूल तुमच्या गावच्या नोंदीत नसतंच. शिवाय दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेली कातकरी कुटुंबं नेमकी गावातल्या घरोघरच्या सर्वेक्षणाच्या वेळी घरी नसतात. त्यांची मुलं छेदातूनच गळतात आणि टक्केवारी आपोआप चढते. एखाद्या गरीब वाडीत शंभर टक्के दिसले की आनंद मानू नका, आधी छेद तपासा.

उपाय पायपिटीचा आहे. अंगणवाडीची यादी आणि आशाताईंची यादी शेजारी ठेवा, आणि पावसाळ्यात, कुटुंबं परतलेली असताना, आशाताईंबरोबर घरोघर फिरा. "मूल आहे का?" असं विचारू नका. "गेल्या दोन पावसाळ्यांत या घरात कोण जन्मलं?" असं विचारा, म्हणजे मामाकडे ठेवलेलं मूलही सापडतं. लसीचं कार्ड हातात घेऊन तारखा वाचा.

वाडीत मुलं मोजकी असतील तर तीन वर्षांचे आकडे एकत्र करा. एका मुलानं टक्केवारी दहा-बारानं हलत असेल, तर त्यावरून निष्कर्ष काढणं चूक आहे.

मग कारण विचारा, पालकांना दोष देऊ नका. सकाळी दहाचं सत्र कोळीवाड्यात रिकामं जातं, कारण तेव्हा बाया मासळीबाजारात असतात. वेळ दुपारची करा. कातकरवाडीचं सत्र भट्टीवर निघण्याआधी वाडीतच घ्या आणि ज्या गावच्या भट्टीवर कुटुंबं जाणार, तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्राला बाकी लसींची यादी आधीच पोचवा.

ग्रामसभेत फक्त वाडीचे आकडे मांडा. आठ मुलांच्या वाडीत "सहा राहिली" म्हटलं तरी घरं ओळखू येतात, म्हणून बोलण्याआधी त्या वाडीतल्या लोकांना विचारा आणि शक्यतो त्यांनाच बोलू द्या.