खाजेची ट्यूब मागण्याआधी

पावसाळ्यात चिपळूणला आमच्या मेडिकलच्या काउंटरवर खाजेचं मलम सगळ्यात जास्त खपतं. कपडे नीट वाळत नाहीत, लावणीला गेलेल्या बायका दिवस दिवस ओल्या साडीत असतात. कुणाच्या पायाला चिखल्या, कुणाच्या जांघेत लाली, कुणाच्या स्तनांखालची कातडी सोललेली. आणि दुकानात दुसरं गिऱ्हाईक नसताना हळूच सांगितलं जातं, "ताई, अंगावरून पांढरं जातंय, खाली फार खाज आहे." मी फार्मासिस्ट आहे. दुकानात घाईघाईत सांगते ते इथे सविस्तर लिहिते.

आधी दुखणं ओळखा. कॅन्डिडा ही यीस्ट जातीची बुरशी थोड्या प्रमाणात आपल्या अंगावर असतेच. ओल, अँटिबायोटिकचा कोर्स, गरोदरपण किंवा वाढलेली साखर यांमुळे ती फोफावते. मग खाज, आग आणि फुटलेल्या दह्यासारखा घट्ट पांढरा स्राव होतो. त्याला घाण वास बहुधा नसतो. वास मारत असेल, रंग पिवळा-हिरवा असेल, ओटीपोटात दुखत असेल, ताप किंवा फोड असतील तर ते दुखणं वेगळं असू शकतं, त्यावर बुरशीचं औषध चालणार नाही. त्रास पहिल्यांदाच होत असेल किंवा तुम्ही गरोदर असाल, तर आधी डॉक्टरांना दाखवा. गरोदरपणात गोळी कोणती, किती दिवस, ती योनीमार्गात ठेवायची नळी वापरायची की नाही, हे त्यांनीच ठरवायचं. शेजारणीकडे उरलेली फ्लुकोनॅझोलची, बुरशीवरची गिळायची गोळी तर त्या काळात अजिबात घेऊ नका.

योनीमार्गातल्या यीस्टसाठी बहुतेक वेळा क्लोट्रिमॅझोल या बुरशीच्या औषधाची आत ठेवायची गोळी देतात. 100 मिलिग्रॅमची असेल तर साधारण 6 रात्री, 200 ची 3 रात्री, 500 ची एकदाच. दिसायला ती इतर गोळ्यांसारखीच असते आणि बायका ती चहाबरोबर गिळून मोकळ्या होतात. म्हणून मी पाकिटावर पेनने मोठ्या अक्षरात "गिळायची नाही" असं लिहून देते.

गोळी रात्री, सगळी कामं आटोपल्यावर ठेवायची. हात साबणाने धुवा. पाठीवर झोपून गुडघे वर घ्या. गोळी नळीच्या टोकात बसवा, दुखणार नाही इतपत नळी आत सरकवा, मागचा दांडा दाबा, नळी बाहेर काढा. नळी नसेल तर स्वच्छ बोटानेही ठेवता येते, फक्त नखं कापलेली हवीत. त्यानंतर उठू नका, तशाच झोपा. सकाळी पांढरा चुरा किंवा पाणी बाहेर येईल. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, साधा पॅड लावा. टॅम्पॉन नको, तो औषध शोषून घेतो. पाळी तोंडावर असेल तर कोर्स पाळी संपल्यावर सुरू करणं बरं, नाहीतर औषध वाहून जातं. या दिवसांत संबंध टाळा. शिवाय या औषधाने निरोधाचं रबर कमकुवत होतं, कोर्स संपल्यावरही काही दिवस त्यावर विसंबू नका. नवऱ्याला खाज किंवा लाली असेल तर त्यालाही दाखवायला सांगा. डेटॉलने, सुगंधी वॉशने आतून धुणं बंद. बाहेरून साधं पाणी पुरे.

जांघ, काख, स्तनांखाली किंवा बोटांच्या बेचक्यात असेल तर 1 टक्का क्लोट्रिमॅझोलचं मलम. जागा धुवा आणि पूर्ण कोरडी करा, घासू नका, टिपा. बोटाच्या शेवटच्या पेरावर मावेल एवढं मलम दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं. दिवसातून दोन-तीनदा पातळ थर लावा, लालीच्या थोडं बाहेरपर्यंत. चार दिवसांत खाज थांबते आणि ट्यूब कपाटात जाते, तिथेच घोळ होतो. किमान दोन आठवडे लावायचंच, डॉक्टरांनी जास्त सांगितलं तर तेवढे दिवस.

आता ज्याची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ते. बाजारात अशा ट्यूब आहेत ज्यांत बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि स्टिरॉइड असं सगळं एकत्र असतं. लावल्या लावल्या खाज शांत होते, म्हणून "तीच द्या, गुण येतो" असं लोक सांगतात. स्टिरॉइड लाली दाबतं, पण त्याच्या आड बुरशी पसरत राहते. जांघेतली कातडी पातळ होते, तिच्यावर ताणल्याच्या रेषा उमटतात आणि त्या पुन्हा जात नाहीत. चेहऱ्याला, बाळाच्या लंगोटाच्या जागी तर ही ट्यूब लावूच नका. स्टिरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम 2018 साली सरकारने कडक केला, तरी ती सर्रास मागितली जातात. खोक्यावरचं मोठं नाव सोडा, खालची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासोल, बेक्लोमेथासोन, बीटामेथासोन, मोमेटासोन यांपैकी काही दिसलं तर डॉक्टरांनी स्वतः लिहून दिल्याशिवाय घेऊ नका.

वरचेवर होत असेल तर साखर तपासा. मधुमेहाच्या डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर काढतात, त्यामुळेही ही खाज होऊ शकते. गोळी मनाने बंद करू नका, डॉक्टरांना सांगा. रक्त पातळ करणारं वॉरफेरिन चालू असेल तर कुठलंही बुरशीचं औषध घेण्याआधी ते दुकानात सांगा. मायकोनॅझोल त्याचा परिणाम धोकादायक वाढवू शकतं.

थोडी जळजळ सुरुवातीला चालते. सूज, पुरळ किंवा असह्य आग झाली तर औषध थांबवा. आठवड्यात फरक नाही, किंवा वर्षात तीन-चार वेळा उलटलं, तर पुढची ट्यूब न घेता तपासून घ्या.

आणि बोलायला अवघड वाटत असेल तर कागदावर लिहून द्या: त्रास काय, किती दिवसांपासून, गरोदर आहात का, कोणती औषधं चालू आहेत. मी तो कागद वाचून परत देते, मोठ्याने काही विचारत नाही.