टेस्ट ड्राइव्हमध्ये ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा स्वभाव कसा ओळखावा

शोरूमभोवतीच्या एका चकरेत काही कळत नाही. अर्धा तास तरी गाडी मागा. वाटेत चढ आणि थोडं ट्रॅफिक हवंच.

आधी डी (ड्राइव्ह) टाकून ब्रेक सोडा, ॲक्सिलरेटरला पाय लावू नका. गिअरबॉक्स टॉर्क कन्व्हर्टर प्रकारचा असेल तर गाडी अलगद सरकते, कारण इंजिनाची ताकद तेलातून पुढे जाते. ड्राय क्लचच्या (क्लच तेलात बुडलेला नसलेल्या) डीसीटीत, म्हणजे दोन क्लचच्या गिअरबॉक्समध्ये, मात्र असं सरकताना क्लच घासत असतो. घाटात ट्रॅफिक तुंबलं की तो तापतो. म्हणून चढावर ॲक्सिलरेटर देऊन गाडी तोलून धरू नका. ब्रेक दाबून थांबा आणि पुढे गाडीभर जागा झाली की एकदाच घ्या.

मग ३०-४० च्या वेगात पाय अर्धा दाबा. एएमटीत, म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्सचा क्लच आणि गिअर यंत्रच चालवतं त्या प्रकारात, गिअर बदलताना मान पुढे डुलते. हा बिघाड नव्हे: क्लच सुटून पुन्हा लागेपर्यंत चाकांना ताकदच मिळत नाही. त्या क्षणी पाय किंचित उचला, झटका बराच कमी होतो. सीव्हीटीत, म्हणजे ठरावीक गिअरच नसलेल्या प्रकारात, पाय जोरात दाबला तर आवाज आधी चढतो, वेग मागून येतो.

ट्यूनिंगचा खरा कस ओव्हरटेकला लागतो. मायलेजसाठी बसवलेला प्रोग्रॅम घाईने वरचा गिअर टाकतो आणि खाली यायला रेंगाळतो. तोच गिअरबॉक्स स्पोर्ट मोडमध्ये गिअर धरून ठेवतो, म्हणून दोन्ही मोड एकाच रस्त्यावर चालवून पाहा. उतारावर मॅन्युअल मोडमध्ये दुसरा किंवा तिसरा लावा. इंजिन गाडीला किती रोखतं ते लगेच कळतं.