शॉकअप बदलण्याआधी: जुन्या गाडीचं सस्पेन्शन घरच्या घरी कसं तपासावं

गाडीखालून खडखड सुरू झाली की गॅरेजात हमखास ऐकू येतं, 'शॉकअप गेले,' म्हणजे चाकांचे हादरे शोषणाऱ्या नळ्या निकामी झाल्या. दहा-पंधरा वर्षं जुन्या गाडीत दोष बरेचदा बुशचा, म्हणजे सांध्यांमधल्या रबरी तुकड्यांचा निघतो. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, त्या तापात रबर कडक होऊन तडकतं. म्हणून खर्चाला हो म्हणण्याआधी स्वतः तपासा.

आधी चारही टायरची हवा बरोबर करून घ्या. मग काचा खाली करून शांत गल्लीतून गाडी हळू चालवा आणि आवाज नेमका कधी येतो ते लिहून ठेवा. बारीक खड्ड्यांवर खटखट होत असेल तर लिंक रॉड (गाडीचं कलणं रोखणाऱ्या दांड्याला जोडलेली छोटी सळी). ब्रेक दाबताना एकदाच 'ठक' होत असेल तर लोअर आर्मचे (चाकाला खालून सांगाड्याशी जोडणाऱ्या हाताचे) बुश. उभ्या गाडीत स्टेअरिंग फिरवताना कटकट होत असेल तर स्ट्रटचं (स्प्रिंगसोबत बसवलेल्या पुढच्या शॉकअपचं) वरचं माउंटिंग. हे अंदाज आहेत, पण मेकॅनिकचा अर्धा वेळ वाचतो.

आता शॉकअप. बोनेटचा एक कोपरा जोरात दाबून सोडा. गाडी वर येऊन लगेच स्थिरावली तर ठीक. दोन-तीनदा हेलकावली तर शॉकअप थकला. मात्र गॅस भरलेला शॉकअप खराब असूनही यात पास होऊ शकतो, म्हणून त्याच्या नळीवर ओलं तेल आणि टायरवर खोलगट चट्टे आहेत का तेही बघा.

यानंतर पुढचं चाक उचलायचं. सपाट जागा, हँडब्रेक, मागच्या चाकांना दगड आणि जॅकसोबत स्टँड हवाच. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली अजिबात शिरू नका. चाक वरच्या आणि खालच्या टोकाला धरून हलवा. खेळ, म्हणजे सैलपणा जाणवला तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा: खेळ थांबला तर चाकाचं बेअरिंग, तसाच राहिला तर बॉल जॉइंट (लोअर आर्म आणि चाक यांना जोडणारा गोळ्याचा सांधा). बॉल जॉइंट सैल असेल तर गाडी बाहेर काढू नका, तो निखळला की चाकच कोलमडतं. डावी-उजवीकडे धरून खेळ आला तर बहुधा टाय रॉड एंड (स्टेअरिंगचा दांडा चाकाला जोडणारा सांधा).

लिंक रॉड मात्र दोन्ही चाकं जमिनीवर असताना हाताने हलवून बघा. एकच चाक उचललं की त्यावर ताण येतो आणि सैलपणा लपतो.

शॉकअप बदलावेच लागले तर पुढची किंवा मागची जोडी एकदमच बदला. टाय रॉड एंड किंवा लोअर आर्म काढला असेल तर त्यानंतर व्हील अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करून घ्या.