गेम अवॉर्ड्सला व्होट करायचंय? मग तुमचं मत कुठे किती मोजलं जातं ते आधी बघा

नोव्हेंबरच्या मध्यावर द गेम अवॉर्ड्सची, म्हणजे व्हिडिओ गेम्सच्या मोठ्या वार्षिक पुरस्कारांची, नॉमिनेशन्स येतात आणि मग सगळीकडे एकच वाद, अमका गेम का नाही घेतला, तमका कसा घुसला, आणि त्या गडबडीत बरेच जण साइटवर जाऊन गेम ऑफ द इयरला एक व्होट टाकतात आणि टॅब बंद करतात. माझं म्हणणं एवढंच आहे की तुमचं मत सगळीकडे सारखं मोजलं जात नाही, त्यामुळे जिथे ते खरंच चालतं तिथे आधी वेळ द्या.

हिशोब असा आहे. द गेम अवॉर्ड्सच्या मुख्य कॅटेगऱ्यांमध्ये ज्युरीचं मत ९० टक्के आणि आपल्या सगळ्यांचं मिळून १० टक्के. ज्युरी म्हणजे जगभरातली शंभरावर मीडिया आउटलेट्स. पण प्लेअर्स व्हॉइस नावाची एक कॅटेगरी आहे ती १०० टक्के पब्लिकची, तिथे ज्युरीचा काही संबंध नाही. २०२४ ला हा फरक अगदी स्पष्ट दिसला, गेम ऑफ द इयर गेलं ॲस्ट्रो बॉटला आणि प्लेअर्स व्हॉइस मिळालं ब्लॅक मिथ वुकाँगला. २०२३ ला मात्र दोन्ही बाल्डर्स गेट ३ नेच नेले, म्हणजे पब्लिक आणि ज्युरी कायम एकमेकांच्या विरोधात असतात असंही नाही.

आता प्लेअर्स व्हॉइसला लोक कुठे चुकतात तर राउंड्समध्ये. सुरुवातीला ३० गेम्स असतात, त्यातून १० उरतात, मग ५, आणि मग विजेता. प्रत्येक राउंडला परत जाऊन व्होट करावं लागतं!! मी एका वर्षी पहिल्या राउंडला व्होट केलं, मित्रांना पण करायला लावलं आणि मग निवांत बसलो, मला वाटलं आपलं काम झालं, आणि दुसऱ्या राउंडनंतर बघतो तर माझा गेम यादीतच नाही. फार वाईट वाटलं, कारण तो गेम बनवणारी टीम अगदी छोटी होती आणि ती दोन-चार व्होट्स तरी त्यांना माझ्याकडून मिळायला हवी होती. तेव्हापासून राउंड सुरू झाला की फोनवर रिमाइंडर लावतो. राउंड्स थोड्याच दिवसांचे असतात, त्यामुळे वीकेंडला बघू म्हणालात की हुकलंच.

मुख्य कॅटेगऱ्यांचं व्होटिंग ऑफिशियल साइटवर लॉगिन करून होतं आणि शोच्या आदल्या दिवसाच्या आसपास बंद होतं. लिंक कुणी फॉरवर्ड केली असेल तर त्यावरून लॉगिन करू नका, पत्ता स्वतः टाइप करा, अकाउंट गेलं तर ते परत मिळवताना जीव जातो.

आणि व्होट करायच्या आधी कॅटेगरीचं वर्णन वाचा, प्लीज. ह्यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. स्टीम म्हणजे पीसी गेम्सचं ऑनलाइन दुकान, त्यांच्या स्टीम अवॉर्ड्सला लेबर ऑफ लव्ह नावाची कॅटेगरी आहे, जुना गेम असेल पण बनवणारे अजून त्यावर मनापासून काम करतायत, अपडेट्स देतायत, अशांसाठी. २०२३ ला ती मिळाली रेड डेड रिडेम्प्शन २ ला. गेम अप्रतिम आहे, त्यात वादच नाही, पण त्याच्या ऑनलाइन भागाला मोठे अपडेट्स येणार नाहीत हे कंपनीने २०२२ लाच सांगून टाकलं होतं. म्हणजे लोकांनी आवडता गेम दिसला म्हणून बटण दाबलं, आणि जी टीम वर्षभर खरंच राबत होती तिचं बक्षीस गेलं. तसंच द गेम अवॉर्ड्सच्या इंडी कॅटेगरीचं, म्हणजे मोठ्या कंपनीच्या पैशाशिवाय बनलेल्या गेम्सचं, २०२३ ला डेव्ह द डायव्हर इंडीमध्ये नॉमिनेट झाला तेव्हा मोठा वाद झाला कारण तो बनवणारं मिंटरॉकेट हे नेक्सॉनचं, आणि नेक्सॉन काही छोटी कंपनी नाही. इंडी म्हणजे दिसायला पिक्सेल आर्ट एवढंच नाही, मागे पैसा कुणाचा आहे तेही बघा. बलात्रो सारखा गेम, जो मुळात एका माणसाने बनवला, त्याने २०२४ ला बेस्ट इंडी घेतलं तेव्हा मला खरंच भरून आलं होतं.

ईस्पोर्ट्सच्या, म्हणजे स्पर्धात्मक गेमिंगच्या, कॅटेगऱ्यांना तर लोक सरळ आपल्या टीमला व्होट देतात. समजू शकतो, फॅन आहोत आपण. पण बेस्ट ईस्पोर्ट्स ॲथलीट म्हणजे त्या वर्षातला खेळ, नुसतं नाव नाही. लीग ऑफ लेजेंड्स खेळणाऱ्या फेकरला २०२३ आणि २०२४ दोन्ही वर्षी मिळालं आणि दोन्ही वर्षी त्याच्या टीमने, टी१ ने, वर्ल्ड्स म्हणजे त्या गेमची जागतिक स्पर्धा जिंकली होती, २०२४ च्या फायनलचा एमव्हीपी म्हणजे सर्वोत्तम खेळाडू पण तोच, तेव्हा ते नुसत्या नावावर मिळालं असं कुणी म्हणू शकत नाही. तुम्ही फक्त लीग ऑफ लेजेंड्स बघत असाल तर नॉमिनेशनमधल्या काउंटर स्ट्राइक किंवा व्हॅलोरंट ह्या दुसऱ्या गेम्सच्या प्लेअरचे वर्षभराचे निकाल लिक्विपीडिया ह्या ईस्पोर्ट्सच्या विकीवर दहा मिनिटं बघा, मग ठरवा. नसेल वेळ तर ती कॅटेगरी सोडून द्या, माहिती नसताना दिलेल्या व्होटपेक्षा ते बरं.

ज्यांना १० टक्क्यांवर समाधान नाही त्यांनी गोल्डन जॉयस्टिक ह्या दुसऱ्या गेम पुरस्कारांकडे बघा, १९८३ पासून चालू आहेत, ब्रिटनचे आहेत, आणि बहुतेक कॅटेगऱ्या पब्लिकच्या मतावरच ठरतात. तिथलं व्होटिंग लवकर असतं, द गेम अवॉर्ड्सची नॉमिनेशन्स यायच्या आधीच बरंचसं उरकलेलं असतं, त्यामुळे ऑक्टोबरपासून लक्ष ठेवा. स्टीमवर तर नॉमिनेशन पण आपणच करतो, आधी नॉमिनेट करायचं आणि मग विंटर सेलमध्ये व्होट.

शो लाइव्ह बघायचा असेल तर टीव्ही चॅनल शोधत बसू नका, यूट्यूब आणि ट्विचवर फुकट असतो. डिसेंबरमध्ये लॉस एंजेलिसला गुरुवारी संध्याकाळी होतो, म्हणजे पूर्वेकडच्या देशांत तोवर शुक्रवार उजाडलेला असतो, तारीख बघताना इथे खूप जण गंडतात. आणि मुख्य शोच्या आधी अर्धा तास प्रीशो असतो तो चुकवू नका, काही अवॉर्ड्स तिथेच देऊन टाकतात आणि तुम्ही ज्याला व्होट केलं तो नेमका त्यातच असू शकतो.