हरिहरेश्वरचा प्रदक्षिणामार्ग : ओहोटी साधून पाहावयाचे खडक

श्रीवर्धन तालुक्यातील हरिहरेश्वर येथे मंदिरामागील डोंगराला वळसा घालणारा प्रदक्षिणामार्ग पूर्ण ओहोटीच्या सुमारासच चालावा, कारण भरतीच्या वेळी तो पाण्याखाली जातो आणि येथे बेसावध पर्यटक लाटेने ओढले गेल्याच्या दुर्घटना घडलेल्या आहेत. वेळ काढण्याचा किनाऱ्यावरचा जुना हिशेब सोपा आहे : तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते, आणि त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी येते. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, म्हणजे नऊच्या सुमारास ओहोटी. हा अंदाजच होय. निघण्यापूर्वी स्थानिकांना विचारावेच. पावसाळ्यात मात्र हा बेतच करू नये.

खडकांत कोरलेल्या अरुंद, उभ्या पायऱ्या उतरल्यावर लाटांनी सपाट केलेला कातळ लागतो. घाई न करता डोंगराकडील भिंत जवळून पाहावी. मधाच्या पोळ्यासारखी जाळी पडलेली ती भिंत लाटांच्या माऱ्याइतकीच मिठाचीही करणी आहे : खडकाच्या छिद्रांत मुरलेले तुषारांचे पाणी सुकते, मिठाचे स्फटिक फुगतात आणि खडकाचा कण न् कण सुटत जातो. एखाद्या खळग्यात बोट फिरवल्यास ती भुकटी हाताला लागते. खरवडू मात्र नये.

पायांत पकड असलेले बूट घालावेत. हिरवे शेवाळ घसरवते, तर कातळाला चिकटलेल्या कालवांच्या कडा पाय कापतात. समुद्राकडे पाठ करून छायाचित्रे काढणे सर्वांत धोक्याचे. पाणी चढू लागताच परतावे.