खाजकुहिलीचे वेल आत्ताच भुईवरून उचला

भाऊ, झड उघडली की पहिलं काम हेच करा. आपल्या नागपूर भागात ज्यांनी खाजकुहिली (व्यापाऱ्यांची कवच बी) लावली, त्यांचं पीक किडीपेक्षा आधार न दिल्यानंच जास्त गेलेलं पाह्यलंय. वेल भुईवर पसरतो, वरून हिरवागार दिसतो म्हणून माणूस खूष, अन खाली काळ्या मातीत ओल धरून शेंगा सडतात, उंदीर लागतात, हे कळतं थेट तोडणीला.

फुलं सप्टेंबर-ऑक्टोबरात येतात, मग वेल ओढला की फूलगळ ठरलेली. अन शेंगा धरल्या की खाजरी लव येते, तेव्हा कोणता मजूर हात लावणार? म्हणून ऑगस्टमध्येच उरका. सहा-सात फुटी बांबू, वर-खाली दोन तारा, सुतळीनं सैल बांधा. पऱ्हाटी (कपाशीच्या वाळक्या काड्या) फुकट मिळते खरी, पण माझा अंदाज, शेंगा भरल्यावर ती वजन झेलत नाही.

कृषी केंद्रवाला फुलोऱ्याचं टॉनिक, ह्युमिक काय काय हातात ठेवेल, ते पैसे तारेला लावा. युरियाही नको, मुळावरच्या गाठी नत्र धरतात, वरून दिला तर नुसता पाला माजतो.

बाकी कामं:
- निंदण, डवरणी
- पाणी काढायला चर
- मावा, केसाळ अळी: निंबोळी अर्क ५ टक्के
- पुढच्या पेरणीला ट्रायकोडर्मा (रोगाची बुरशी रोखणारी मित्रबुरशी) ४-५ ग्रॅम, रायझोबियम (गाठीत नत्र धरणारे जिवाणू) २५ ग्रॅम, किलो बियाण्याला

पैसा सगळा बियात आहे. आयुर्वेदातली कपिकच्छू ती हीच, बी दुधात उकळून, साल काढून चूर्ण करतात, ताकदीसाठी अन कंपवातासाठी. त्यातलं एल-डोपा दामोदरन आणि रामस्वामी यांनी १९३७ मध्ये वेगळं काढलं, कंपवाताच्या गोळीत तेच असतं. म्हणून घरात कोणाला ती गोळी चालू असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय चूर्ण देऊ नका, डबल डोस होतो. बुरशी लागलेलं बी तर औषधाच्या कामाचंच नाही.

तोडणी डिसेंबर-जानेवारीत, सकाळी दव असताना, लव ओली असली की उडत नाही. पूर्ण बाह्या, हातमोजे, डोळ्याला चष्मा. वाऱ्याच्या दिवशी तोडणी ठेवूच नका, अन मळणीआधी शेंगांवर पाणी शिंपडा.